रेल्वेत लागलास, अभिनंदन!

रेल्वेच्या अ‍ॅप्रेंटिसच्या, म्हणजे शिकाऊ उमेदवारांच्या, मेरिट लिस्टमध्ये नाव आलं, म्हणजे दहावीचे आणि आयटीआयचे मार्क अखेर कुठेतरी कामी आले. आता पेढे वाट. आई शेजारणीला 'पोरगा रेल्वेत लागला' म्हणून सांगेल, तर सांगू दे. १९६१ च्या अ‍ॅप्रेंटिस कायद्याचं १८ वं कलम तिला वाचून दाखवू नकोस. तू शिकाऊ आहेस, कामगार नाहीस, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. पण पेढ्यांचे पैसे तोवर देऊन झालेले असतात.

लोकल दुरुस्त करायची कुठली कारशेड मिळते ते तुझं नशीब. मध्य रेल्वेला कुर्ला, कळवा, सानपाडा. पश्चिमेला महालक्ष्मी, कांदिवली, विरार. कुठेही गेलास तरी खोली स्वस्तातली बघ, कारण विद्यावेतन बेताचंच. पाच जणांत एक खोली घेतलीत तर जमतं. पाचांच्या शिफ्ट वेगवेगळ्या असतील तर गाद्या तीनच लागतात.

पहिल्या दिवशी 'मी फिटर आहे' असं म्हणून टाकू नकोस. आयटीआयमध्ये तू लोखंडाचा तुकडा कानसीने घासघासून गुण्यात आणलास, त्याचं कौतुकच आहे, पण त्या तुकड्यावर मुंबईची लोकल चालत नाही. गुपचूप पिटमध्ये, म्हणजे रुळांखालच्या खड्ड्यात, उतर. डोक्यावर बारा डब्यांचा रेक, म्हणजे अख्खी गाडी, नाकासमोर बोगी (डबा नव्हे, डब्याखालचा चाकांचा सांगाडा), ब्रेक गिअर, चाकं फिरवणारी ट्रॅक्शन मोटर आणि तुझ्या जन्माच्या आधीपासून साचलेलं ग्रीस. झिजलेला ब्रेक ब्लॉक काढायला हात पार आतपर्यंत घालावा लागतो. मिस्त्रींचा खांदा आता तेवढा वळत नाही, तुझा वळतो. ते म्हणतील, "शिकून घे पोरा, पुढे उपयोगी पडेल." हे वाक्य ओळखायला शीक. जे काम त्या पाळीत कुणालाच नको असतं, त्याच्या आधी ते हमखास येतं. चहा आणायला पाठवताना मात्र कुणी ते म्हणत नाही. तिथे शिकण्यासारखं काही नाही, एवढा प्रामाणिकपणा शेडमध्ये आहे.

(मिस्त्रींची टिंगल एवढीच पुरे. ब्रेक लागताना आलेल्या आवाजावरून कुठल्या डब्यात बिघाड आहे ते सांगणारी माणसं आहेत ती. त्यांच्या मागे मागे फिर. वर्षभरात जे काही खरंखुरं शिकशील ते त्यांच्याकडून, आणि बहुतेक ते शिव्या घालत असतानाच.)

एका बाबतीत मात्र शहाणपणा नको. पेंटोग्राफचं, म्हणजे वायरमधून वीज घेणाऱ्या छतावरच्या चौकटीचं, काम निघालं की छतावर चढायची घाई करू नकोस. ओव्हरहेड वायरमध्ये २५ हजार व्होल्ट असतात. हार्बर मार्गावर २०१६ पर्यंत दीड हजार व्होल्टचा डीसी होता, आणि त्या काळातले लोक 'आमच्या वेळी' म्हणून बरंच काही रंगवून सांगतात. ऐकून घे. पण सप्लाय बंद झालाय आणि अर्थिंग लागलंय, म्हणजे वायर जमिनीला जोडलीय, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय शिडीला पाय लावू नकोस. त्या वायरने १८ वं कलम वाचलेलं नाही. कामगार आणि शिकाऊ असला भेद ती करत नाही. इतकी समानता तुला रेल्वेत दुसरीकडे कुठे सापडणार नाही.

कधीतरी एक रेक येईल आणि कुणी काही न बोलता पाण्याचा पाइप तुझ्या हातात देईल. रनओव्हर झालेली गाडी, म्हणजे जिच्याखाली माणूस आला ती. त्या दिवशी डबा खाल्ला नाहीस तरी कुणी विचारणार नाही. संध्याकाळी तीच गाडी धुवून पुसून सुटते आणि दारातली माणसं ती तीन मिनिटं उशिरा आली म्हणून रेल्वेच्या नावाने बोटं मोडतात.

काय शिकलास त्याची डायरी रोजच्या रोज लिहायची असते. अर्थात तशी कुणीच लिहीत नाही. परीक्षा जवळ आली की एका रविवारी दोन-तीन पेनं घेऊन बस आणि शाई बदलत बदलत 'आज बोगीचे निरीक्षण केले' असं महिनोन्‌महिने लिहून काढ. साहेब सही करतील. वाचणार नाहीत, त्यामुळे अक्षराची चिंता नको.

दिवाळीला शेडमध्ये ७८ दिवसांच्या बोनसची चर्चा रंगेल. तूही आनंदाने सामील हो. बोनस मिळालेल्या माणसांचे चेहरे बघायला मिळणं हाही प्रशिक्षणाचा भाग समज. त्या दिवशी तू विद्यार्थी असतोस. दुसऱ्या दिवशी माणसं रजेवर गेली की परत कामगार.

वर्ष संपलं की ट्रेड टेस्ट, मग सर्टिफिकेट, मग घरी. नोकरीचं कुणी विचारत नाही. रागाच्या भरात रुळांवर बसायला मात्र जाऊ नकोस. २० मार्च २०१८ ला माटुंगा-दादरमध्ये तुझ्यासारखीच पोरं बसली होती. मध्य रेल्वेची सकाळ काही तास ठप्प झाली, लाठ्या चालल्या, आणि रेल्वेने पुन्हा समजावून सांगितलं की बाबांनो, तुमच्यासाठी भरतीत २० टक्के जागा राखीव आहेतच. पोरांचं म्हणणं होतं की ही मर्यादाच काढा. तेव्हा तू २० टक्क्यांत रांग लाव. भरती कधी निघेल ते विचारू नकोस, विचारल्याने ती लवकर निघत नाही.

तोवर एखादा कंत्राटदार गाठ. तोही अनुभव विचारेल. 'एक वर्ष कारशेडमध्ये' म्हणालास तर तो म्हणेल, ते शिक्षण झालं, अनुभव कुठाय? तेव्हा डायरी पुढे कर. तीन रंगांच्या शाईत आहे, निदान तो तरी वाचेल.