पाच सोमवार आणि दोन हजार डॉलर

आज टपालात हीट पंप (घर गरम-गार करणारं विजेचं यंत्र) बसवणाऱ्या कंपनीचं बिल आलं. बिलाचं काही नाही, ते येणारच. पण त्याच्यासोबत एक गुळगुळीत रंगीत कागद आला. हिरवं पान, लाकडी फरशीवर अनवाणी बसलेलं हसरं कुटुंब, आणि खाली ढब्बू अक्षरांत: अभिनंदन! तुमच्या नव्या हीट पंपावर 2,000 डॉलरपर्यंत फेडरल टॅक्स क्रेडिट मिळू शकतं!

मिळू शकतं म्हणे. कुठून? तुझ्या बापाच्या खिशातून? ते क्रेडिट 31 डिसेंबर 2025 ला गेलं. माझा पंप सुरू झाला 5 जानेवारीला. पाच दिवसांनी हुकलं, ते तुमच्यामुळे, आणि वर तुम्हीच अभिनंदन करताय. तेराव्याच्या पंगतीत बसून नवरदेव कुठाय विचारण्यातला प्रकार.

फोन केला. बावीस मिनिटं पियानो. मध्येमध्ये तो बाप्या सांगतोय की तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. शेवटी एक मधाळ आवाजाची मुलगी आली. म्हणाली, "डिपॉझिट तुम्ही ऑक्टोबरमध्येच भरलंय ना सर? मग 2025 मध्येच क्लेम करा. आमचे बरेच कस्टमर्स तेच करतायत." अगं बाई, पैसे कधी भरले त्याला कुत्रं विचारत नाही. यंत्र बसून चालू कधी झालं ते बघतात. आयआरएसने, म्हणजे इथल्या टॅक्स खात्याने, स्वच्छ लिहून ठेवलंय. मी साधा आयटीतला माणूस, मला माहितीये, आणि तुझा धंदा असून तुला नाही? तुझ्या त्या बऱ्याच कस्टमर्सना ऑडिट लागो. मग म्हणते, "टॅक्स ॲडव्हायझरशी बोला सर, हॅव अ वंडरफुल डे." वंडरफुल डे म्हणून फोन आपटणाऱ्या लोकांवर माझा जुना राग आहे, त्यावर पुन्हा कधीतरी.

आता सोमवारांचं ऐका. 8 डिसेंबरला येणार होते. बाहेरचं युनिट गोदामात आलं नाही. 15 ला येणार होते. युनिट आलं, टाउनशिपचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, परमिट आलं नाही. 22 ला परमिट आलं, माणसं नाहीत, कारण अख्ख्या न्यू जर्सीला एकदम साक्षात्कार झालेला की महिनाअखेर क्रेडिट संपतंय. 29 ला आले! दोघं आले, तळघरातलं युनिट बसवलं, तांब्याच्या नळ्या ओढल्या, माझा चहा प्यायले आणि म्हणाले, बाहेरच्या युनिटची वायरिंग इलेक्ट्रिशियन करणार, तो पुढच्या सोमवारी. म्हणजे 31 डिसेंबरच्या रात्री ते धूड माझ्या अंगणात सिमेंटच्या ओट्यावर उभं होतं. खोक्यातून बाहेर काढलेलं, नवंकोरं, बिनवायरीचं. लोक टीव्हीवर टाइम्स स्क्वेअरचा नववर्षाचा बॉल पडायची वाट बघत होते, मी खिडकीतून दोन हजार डॉलर बुडताना बघत होतो. सोळा सोमवार केले असते तर एखादवेळेस शंकर तरी पावला असता.

आणि ही काय पहिली खेप आहे? 2023 ला खिडक्या बदलल्या. नऊ खिडक्या. सेल्समन सोफ्यावर बसून, चकल्या खात, "अप टू 3,200 सर, अप टू 3,200." अप टू या शब्दावर बंदी आणा आधी. खिडक्यांना मर्यादा 600. त्यातही फक्त खिडकीची किंमत धरायची, बसवायची मजुरी नाही. का? खिडक्या काय स्वतः चालत येऊन भिंतीत शिरतात? दुसऱ्या वर्षी दार. दाराला 250. एनर्जी ऑडिटवाला आला, दारात भलामोठा पंखा लावून घराची हवा ओढली आणि चार पानांत सांगितलं की तुमच्या माळ्यावरून गार हवा येते. अरे, ते माझी आई दर थंडीत फुकट सांगते! त्याला 150. आणि हे चेक नव्हेत हं, नुसतं टॅक्समधून वजा. मंडळातल्या एका मित्राची त्याच वर्षी नोकरी गेली, टॅक्सच फारसा नाही, तर उरलेलं क्रेडिट पुढच्या वर्षी नेताही येईना. क्रेडिटचा फॉर्म 5695 भरायला मात्र त्याचे दोन रविवार गेले.

2025 साठी तर यंत्र बनवणाऱ्या कंपनीचा चार अक्षरी कोडही लागत होता. तो मी मिळवला होता! पंपाची कार्यक्षमता प्रमाणित करणाऱ्या एएचआरआय संस्थेचं सर्टिफिकेट, आतल्या-बाहेरच्या युनिटची जोडी, सगळी फाइल तयार. फाइल अजून आहे. छान रंगीत सेपरेटर घातलेत.

मिरजेहून दादाचा फोन. त्याने गच्चीवर तीन किलोवॉट सोलर बसवलंय, सरकारच्या सूर्यघर योजनेचे 78 हजार थेट खात्यात. "तुमच्याकडे अमेरिकेत असलं काही नसतं का रे?" असतं दादा. होतं. मीटरसाठी त्याने किती हेलपाटे घातले ते मात्र तो अशा वेळी सोयीस्कर विसरतो.

2022 च्या कायद्यात हे क्रेडिट 2032 पर्यंत लिहिलं होतं, म्हणून मी निवांत. घर तापवणारा जुना फर्नेस मरेल तेव्हा बघू. 4 जुलै 2025 ला नव्या कायद्यावर सही झाली आणि 2032 चं 2025 झालं. मी तेव्हा हॉट डॉग खात आतषबाजी बघत होतो.

बरं, आता बायको शेजारी बसून हे वाचतेय आणि म्हणतेय, ऑगस्टचं पण लिही.

लिहितो. याच लोकांनी ऑगस्टमध्ये कोटेशन दिलं होतं आणि सप्टेंबरअखेरची तारीखही. पण लक्ष्मी मार्केटात कोथिंबिरीच्या जुडीवरून तीनदा परत फिरणाऱ्या आजोबांचा मी नातू. आणखी तीन कोटेशनं आणली. एक्सेल केलं. घासाघीस केली. ऑक्टोबरच्या मध्यावर 400 डॉलर कमी करून घेतले आणि त्या रात्री घरात श्रीखंड आणलं. तेवढ्यात आमची सप्टेंबरची तारीख कुणीतरी शहाणा घेऊन गेला. चारशे वाचवले, दोन हजार घालवले. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं, आणि त्यालाही वीजबचतीचा एनर्जी स्टार शिक्का नाही.

पंप उत्तम चालतोय, हा आणखी एक त्रास. आवाज नाही, घर उबदार, तक्रार करायला जागा ठेवलेली नाही. मी सूड म्हणून थर्मोस्टॅट 64 फॅरनहाइटवर ठेवतो, बायको 70 करते, मी परत 64. तो रंगीत कागद तिने फ्रिजवर लावलाय.

टाउनशिपचा इन्स्पेक्टर यायचाय अजून. सोमवारी. सकाळी आठ ते दुपारी चारच्या मध्ये कधीतरी.