संघटना बुडवायचीय? आधी तिचे अध्यक्ष व्हा

परवडणाऱ्या घरांसाठी वस्तीतले लोक एकत्र येऊ लागलेत आणि तुमची झोप उडालीय? उघड विरोध मात्र करू नका. त्याने लोक जास्तच घट्ट होतात. त्यापेक्षा आत शिरा, मधली खुर्ची पकडा.

मग पहिलं पथ्य पाळा: कुणाचं दार वाजवायचं नाही. दार वाजलं की माणूस बाहेर येतो आणि बोलायला लागतो. भाडं कधी वाढलं, पावती मिळते का, छत कुठे गळतं, घर खाली करा म्हणून मालकाचा माणूस कितीदा येऊन गेला. दहा दारांवर हे ऐकलं की कळतं, दहाही जणांचा मालक एकच आहे आणि ‘तुमच्याकडून म्हणून कमी घेतोय’ हे त्याने दहाही जणांना सांगितलंय. अशी माहिती वस्तीत पसरणं बरं नव्हे. त्यापेक्षा मोबाईलवर ग्रुप काढा. सकाळी सुप्रभात, रात्री एक घोषणा. सगळ्यांनी अंगठा दाखवला की झालं संघटन. (अंगठा दाखवण्याचा मराठीतला जुना अर्थ कुणी काढलाच, तर त्याला ग्रुपमधून काढा.)

यादी तर चुकूनही करू नका. कोण किती वर्षं राहतंय, कुणाकडे कोणता कागद आहे, हे लिहून ठेवलं की साहेबांच्या ‘नक्की किती घरं?’ या प्रश्नाला उत्तर देता येतं. मग बैठक मुद्द्यावर येते आणि तुमचं भाषण राहून जातं.

बायकांना सतरंज्या उचलण्यापुरतं बोलवा. ग्लासगोत १९१५ साली ही खबरदारी कुणी घेतली नाही. महायुद्ध चालू होतं, कारखान्यांमुळे शहरात कामगारांची गर्दी झालेली, घरमालकांनी भाडी चढवली. मेरी बार्बर आणि तिच्या शेजारणी स्वयंपाकघरात नि जिन्यात बैठका घेऊ लागल्या. घर खाली करायला सरकारी माणूस आला की घंटा वाजायची, हातातलं काम टाकून बायका जिना अडवायच्या आणि त्याला पिठाने माखून परत पाठवायच्या. नोव्हेंबरपर्यंत सुमारे २० हजार कुटुंबं भाडेसंपात उतरली. वर्ष सरायच्या आत ब्रिटिश संसदेला कायदा करून कामगारांच्या घरांची भाडी युद्धापूर्वीच्या पातळीवर आणून गोठवावी लागली. आणि हे सगळं जिन्यात बसून. तुमच्यासारख्यांनी काय करायचं मग?

प्रश्न निवडताना दर्जा सांभाळा. कचरा, दिवा, नळ असल्या गोष्टींत पडू नका. ‘व्यवस्था’ बदलण्याबद्दल बोला, ती काही पुढच्या महिन्यात बदलत नसते. अमेरिकेत बॉस्टन शहरातल्या डडली स्ट्रीट या वस्तीच्या लोकांनी हा दर्जा सोडला. १९८४ मध्ये संघटना उभी केली, १९८६ मध्ये मोहीम काढली ती कसली, तर ओसाड भूखंडांवर बाहेरचे लोक कचरा टाकतात, तो थांबवा! कचरा उचलला गेला आणि नसती भानगड झाली: आपण म्हटलं तर काहीतरी होतं, असं लोकांना वाटू लागलं. १९८८ मध्ये तेच लोक ते रिकामे भूखंड सक्तीने संपादन करण्याचा अधिकार शहराकडून घेऊन बसले. पुढे जमीन सामुदायिक न्यासाकडे, म्हणजे वस्तीच्याच विश्वस्त संस्थेकडे. त्यामुळे घर विकता येतं, पण मनाला येईल त्या भावाने नाही. एका झाडूपायी केवढं नुकसान!

वाटाघाटींना एकटे जा, दार लावून घ्या, बाहेर येऊन ‘चर्चा सकारात्मक झाली’ एवढंच म्हणा. बिल्डर ‘परवडणारी घरं’ म्हणाला की टाळ्या वाजवा, ‘कुणाला?’ असं विचारणं असभ्यपणाचं. अमेरिकेत तर कोणतं घर परवडणारं, हे अख्ख्या महानगर परिसरातल्या मधल्या कुटुंबाच्या (निम्मी त्याच्या वर, निम्मी खाली) उत्पन्नावरून मोजतात. त्यात टेकडीवरचे बंगलेवालेही आले. मोजमापात का होईना, वस्ती आणि बंगला एकत्र नांदतात!

एवढं सगळं नीट केलंत तर एका रविवारी बैठकीला तुम्ही आणि बॅनरवरचा तुमचा फोटो, असे दोघेच असाल. ‘लोकांतच जागृती नाही’ असं म्हणून कुलूप लावा. उतरताना जिन्यात चारपाच बायका वही घेऊन घरं मोजत बसलेल्या दिसल्या तर थांबू नका. त्यांच्याजवळ घंटा आहे का, तेवढं मात्र जाता जाता बघून घ्या.