खुलासा : अमेरिकेतली ‘सक्तीची लष्करभरती’

परवा मीच आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज पुढे पाठवला होता : ‘अमेरिकेत सक्तीची लष्करभरती सुरू, भारतीय विद्यार्थ्यांनाही नोटिसा.’ तो चुकीचा आहे. न तपासता टाकला, ही चूक माझीच. रात्री अकराला लक्ष्मीनगरच्या एका काकूंचा फोन आला, मुलगा एमएस करतोय त्यांचा. आवाज कापत होता. मग बसून नीट वाचलं.

अमेरिकेत सक्तीची भरती १९७३ साली थांबली, तेव्हापासून सगळं सैन्य स्वेच्छेचं. १९८० पासून तिथे ‘सिलेक्टिव्ह सर्व्हिस’ या सरकारी खात्याकडे नोंदणी मात्र आहे, १८ ते २५ वयाच्या पुरुषांची. नोंदणी म्हणजे यादीत नाव, भरती नव्हे. भरती करायची तर आधी संसदेला कायदा बदलावा लागेल.

त्याच खात्याच्या संकेतस्थळावर कोणी नोंदणी करायची याचा तक्ता आहे. विद्यार्थी व्हिसा किंवा एच-१बी (नोकरीचा व्हिसा) वैध असेल तर नोंदणीच लागत नाही. ग्रीनकार्डधारक आणि तिथे जन्मलेल्या मुलांना लागते. ज्यांचे नातू तिकडचे नागरिक आहेत त्यांनी एवढं लक्षात ठेवा.

अफवेला धागा कुठून मिळाला असेल? बहुधा सैनिक मिळत नाहीत या बातम्यांतून. ती अडचण खरी होती. २०२२ मध्ये त्यांच्या लष्कराला ६०,००० च्या उद्दिष्टापेक्षा सुमारे १५,००० जण कमी मिळाले. पण त्यावर उपाय म्हणून बोनस वाढवले, तयारीचे वर्ग काढले. सक्ती नाही.

जुना मेसेज मी डिलीट केलाय. तुम्ही पुढे पाठवला असेल, तर तिथे हा खुलासा टाका आणि तो जुना मेसेज आता कुणाला पाठवू नका.