पोहे, पीओ आणि जीरावन

सोमवारच्या बैठकीचा गोषवारा मंगळवारी सकाळी मेलवर आला. त्यात लिहिलं होतं, बोलण्यात माझा वाटा ४ टक्के, सूर नकारात्मक. चाळीस मिनिटं मी एकटा घसा कोरडा करत होतो! सूर नकारात्मक होता, ते मान्य.

मी पीएमओत आहे. इंदूरच्या रामबागेतल्या लग्नाकार्यात एवढंच वाक्य म्हटलं की लोक उठून खुर्ची देतात. हे विजयनगरातलं प्रोजेक्ट मॅनेजमेंट ऑफिस आहे असा खुलासा झाला की खुर्ची परत जाते. सध्या आमच्याकडे एआय टूल निवडायचं काम चालू आहे. चार टूलं ट्रायलवर आहेत, आणि बैठकीत बसून गोषवारा लिहिणारं हे तिसरं.

४ टक्क्यांचं गणित सोपं आहे. प्रत्येक जण आपापल्या लॅपटॉपवरून जोडलेला असेल तर कोण बोलतंय हे टूलला लॉगिनवरूनच कळतं. आम्ही अकरा जण एका टेबलाभोवती, आणि मधोमध साहेबांचा लॅपटॉप. म्हणजे खोलीत जे जे बोललं गेलं ते साहेबांच्या खात्यावर जमा. शेवटी स्क्रीन दाखवायला मी माझ्या मशीनवरून जोडलो, तेवढं माझं. गोषवाऱ्यात साहेबांची 'अभ्यासपूर्ण मांडणी' आहे. साहेबांनी अजून दुरुस्ती सुचवलेली नाही.

हेही गिळलं असतं, पण अकाऊंट्सच्या काकू आल्या. रिटायरमेंटला दीड वर्ष उरलंय. हातात गोषवाऱ्याचा प्रिंटआऊट, तीन ओळींखाली लाल रेघ.

"कुठली पीओ आली रे?"

"कुठलीच परचेस ऑर्डर आलेली नाही."

"मिनिट्समध्ये आहे. 'पीओ आल्याची पुष्टी. पीओ थंड होत आहे, तातडीने निर्णय घ्यावा. झीरो वन कमी असल्याची तक्रार.' ही झीरो वन कुठली सीरीज?"

मला उलगडायला मिनिटभर लागलं. बैठक मराठीत सुरू होते, हिंदीत रंगते आणि अडचणीच्या जागी इंग्रजीत शिरते. साडेदहाला कोणीतरी 'पोहे आले' म्हणालं. टूलने ऐकलं 'पीओ'. कोणीतरी म्हणालं, गार होतायत, खाऊन घ्या. मग कोणीतरी कुरकुरलं की जीरावन (पोह्यांवर भुरभुरायचा मसाला) कमी पडलंय. इंदूरबाहेरच्या माणसाला जीरावन कळत नाही, यंत्राला काय कळणार? झालं झीरो वन.

"काकू, ते पोहे होते."

"असतील. पण लिहिलंय पीओ. पीओ आली म्हटल्यावर मला जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, लागते. माल मिळाला का?"

"मिळाला."

"किती?"

"अकरा प्लेट."

"बिल?"

"ते पेटीकॅशमधून गेलं."

"पेटीकॅशमधून पीओचं पेमेंट?" काकू खुर्ची ओढून बसल्या. "पीओ, जीआरएन आणि बिल, तिन्ही जुळल्याशिवाय मी कधी एंट्री पास केली नाही. आता शेवटच्या वर्षात ऑडिटरनी विचारलं तर मी काय सांगू, जीरावन?"

मी म्हटलं, गोषवारा दुरुस्त करतो. तर करता येईना. ट्रायल खात्यात दुरुस्तीचा अधिकार बैठक बोलावणाऱ्याला, म्हणजे साहेबांना. आणि साहेब दुरुस्ती करणार नाहीत, हे वर आलंच आहे.

विक्रेत्याच्या डेमोत हे कधीच दिसत नाही. डेमोत सगळे हेडफोन लावून, एकावेळी एक, चोख इंग्रजीत बोलतात आणि कोणी काही खात नाही. म्हणून टूल तपासायचं तर आपली तीन रेकॉर्डिंगं द्या: घरून जोडलेली बैठक, एका माइकवरची खोली, आणि मागे मिक्सर फिरणाऱ्या साइटवरचा फोन. मग टक्केवारीतली अचूकता सोडा, चारच गोष्टी मोजा: नावं, तारखा, रकमा, आणि कुठलं काम कोणाच्या गळ्यात पडलं. शंभरातले ९५ शब्द बरोबर आले आणि चुकलेल्या पाचांत 'नाही' असला, तर मंजूर न झालेलं मंजूर होतं.

'उशिराचं भाकीत' हा दुसरा गाजावाजा. संपलेला एखादा प्रोजेक्ट घ्यायचा, चौथ्या महिन्यापर्यंतचाच डेटा टूलला द्यायचा, पुढे काय रखडेल ते विचारायचं आणि खरं काय झालं त्याच्याशी ताडायचं. मी ताडलं. टूल म्हणालं, काही रखडणार नाही. त्याची काय चूक? वेळापत्रकाच्या एमएस प्रोजेक्टमध्ये ११ बेसलाइनी, म्हणजे ठरलेल्या वेळापत्रकाच्या जपून ठेवलेल्या प्रती, ठेवता येतात. आमच्याकडे एकच, आणि दर महिन्याच्या रिव्ह्यूआधी तिच्यावरच नवी चढवतात. एसपीआय म्हणजे काम वेळापत्रकाच्या किती मागे-पुढे आहे तो आकडा, एक म्हणजे वेळेवर. शुक्रवारी एसपीआय ०.८२, सोमवारी १.००. अशा नोंदी वाचून कुठलंही यंत्र हेच शिकणार की या कचेरीला उशीर असा कधी होतच नाही. हे मी बैठकीत सांगितलं. साहेबांच्या नावे नोंदलं गेलंय.

परवानग्यांचं तर विचारू नका. फाइलींतून उत्तर शोधणारं टूल विचारणाऱ्याला जे उघडता येतं ते सगळं वाचतं. तीन वर्षांपूर्वी कोणी एखादा फोल्डर 'सर्वांना' करून विसरला असेल, तर आजवर तो कोणाला सापडला नाही एवढंच. आता नव्या ट्रेनीने 'यंदा इन्क्रीमेंट किती' विचारलं की पगाराचा तक्ता समोर. म्हणून चाचणी सगळ्यात कमी अधिकाराच्या लॉगिनवरून करावी. आमची ॲडमिनच्या लॉगिनवरून झाली.

काकू उठता उठता माझ्या तुलनातक्त्यावर वाकल्या. ३१ ओळी, सहा आठवड्यांची मेहनत. मायक्रोसॉफ्टचा कोपायलट २०२३ च्या नोव्हेंबरात कंपन्यांसाठी आला तेव्हा माणशी महिना ३० डॉलर होता, मूळ लायसन वेगळं. तोच दर धरून मी ४० माणसांचे वर्षाचे १४,४०० डॉलर मांडले होते.

"यात १८ टक्के जीएसटी कुठाय?"

नव्हता.

"आणि रिपोर्ट लिहिणारे किती?"

"सहा."

"मग चौतीस जणांचे पैसे नुसतं वाचायचे? त्यांना पीडीएफ पाठव की."

३१ ओळींत ही ओळ नव्हती. मी ती बत्तिसावी म्हणून घातली आणि तक्ता साहेबांना पाठवला. संध्याकाळी उत्तर आलं: छान, निवड समितीवर काकूंना घेऊ या.

आज सकाळी टूलने प्रलंबित कामांची यादी आपणहून सगळ्यांना पाठवली. पहिली ओळ: पीओ थंड. जबाबदारी माझी, मुदत कालची, रंग लाल.