यादी सातबाऱ्यावरून कशाला?

"शेती काय शिकवून येते का?" असं आमच्या घरच्या ग्रुपवर चुलतभावाने लिहिलं आणि खाली अंगठ्यांची रांग लागली. पोरांनी आयटीआय करून पुणं गाठावं, बायांना शिलाई मशीन द्यावी, वावरातलं काम बापाच्या मागे हिंडून येतं, असं सगळ्यांचं मत.

येत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-मजूर गेले. कपाशीची पऱ्हाटी डोक्याएवढी, पंपात दोन-तीन औषधांचं मिश्रण, अंगात साधा सदरा. इथे जर्मनीत प्रमाणपत्राशिवाय शेतकऱ्याला फवारणीच्या औषधाचा डबा विकतच मिळत नाही, आणि दर तीन वर्षांनी पुन्हा वर्गात बसावं लागतं. आमच्या शेजारच्या शेतावर एक मुलगी आउसबिल्डुंग, म्हणजे काम करत शिकायचं प्रशिक्षण, करते. तीन वर्षं शाळा आणि गोठा, दोन्ही. महिन्याचा पगार शेतमालक देतो. शेती शिकून काय करणार, असं तिला कुणी विचारत नाही.

"तुझं जर्मनी तिकडेच ठेव," भाऊ म्हणतो. बरं, घरचंच घ्या. गावातल्या शेती-प्रशिक्षणाची यादी सातबाऱ्यावरून केलेली, म्हणून तिच्यात नाव भावाचं होतं. तो सही करून चहा पिऊन आला. वहिनी बचत गटातून गेली, त्या दिवसाची निंदणाची मजुरी बुडवून. आता पेरणीआधी ती घरच्या सोयाबीनचे १०० दाणे मोजते, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळी लावते, गुंडाळी करून सावलीत ठेवते, पाणी शिंपडते. आठवड्याने ७० च्या वर उगवले तरच ते बियाणं पेरायचं. बापाच्या मागे हिंडून हे आमच्यापैकी कुणाला आलं होतं?

जर्मनीतही २०२० च्या गणनेत जेमतेम ११ टक्के शेतं बायांच्या हाती होती. भारतात २०१५-१६ च्या कृषी गणनेत बायांची खाती १४ टक्क्यांच्या आसपास. सातबाऱ्यावर नाव लागेपर्यंत थांबायचं तर आयुष्य सरेल. जी निंदते, वेचते, तिला बोलवा, आणि त्या दिवसाची मजुरी द्या.

भाऊ म्हणतो, मग सातबाऱ्यावरचं तुझं नाव काढून तिचं लावू. ते मला जमत नाही. त्या तीन एकरांखेरीज गावात माझं म्हणावं असं काही राहिलेलं नाही. पण प्रशिक्षणाच्या यादीत वहिनीचं नाव घालायला माझं नाव आड येत नाही, हे त्याने ग्रुपवर कबूल करावं.