शेतकऱ्याचा खर्च लिहून कोण घेणार? एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

शेती आणि ग्रामविकासाच्या संशोधनातल्या नोकऱ्या, फेलोशिप यांवर मी लिहिलं आणि तुम्ही निपाणीहून सडेतोड प्रतिक्रिया दिलीत. इतरांसाठी ती थोडक्यात सांगतो. ही कामं बेंगळूर-दिल्लीच्या इंग्रजी माध्यमवाल्यांची आहेत, अमेरिकेने हात आखडल्यावर त्यातला पैसाही आटलाय, आणि मी सीमाभागातल्या पोरांना परदेशाची स्वप्नं विकतोय, असं तुम्ही म्हणता. शेवटी लिहिलंत, "आमच्या तंबाखूवाल्यांनी 1981 साली भाव मागितला तो रस्त्यावर बसून, फेलोशिप घेऊन नव्हे."

या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो. त्या आंदोलनाचे नेते शरद जोशी त्याआधी स्वित्झर्लंडमध्ये, बर्नच्या जागतिक टपाल संघटनेत नोकरीला होते. तिथून परत येऊन त्यांनी चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली, ती स्वतः कसली आणि शेतीचा खर्च मांडला. उत्पादन खर्चावर आधारित रास्त भाव ही त्यांची मागणी होती. रस्त्यावर बसलेल्या माणसांच्या पाठीशी हिशेब होता, सर. रस्ता आणि हिशेब यांत मला भांडण दिसत नाही.

आत्ताचंच बघा. नोव्हेंबर 2025 मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या मूडलगी तालुक्यात गुर्लापूर क्रॉसवर ऊस उत्पादक टनाला 3,500 रुपये मागत बसले आणि 3,300 वर तडजोड झाली. कारखान्यांनी उसाला द्यायचा किमान दर, म्हणजे एफआरपी, केंद्र ठरवतं. हा दर सुचवताना कृषी मूल्य आयोग उत्पादन खर्च बघतो. तो खर्च गोळा करणारी केंद्राची योजना 1970-71 पासून चालू आहे. कृषी विद्यापीठांची माणसं ठरावीक शेतकऱ्यांकडे वारंवार जाऊन बियाणं, खत, मजुरी, बैल-ट्रॅक्टर सगळं वहीत उतरवून घेतात. संशोधनातल्या नोकऱ्या म्हणतो तेव्हा माझ्या डोळ्यासमोर आधी ही वही असते.

हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट आहे, 1972 साली स्थापन झालेली शेती संशोधनाची आंतरराष्ट्रीय संस्था. तिने 1975 पासून सोलापूर जिल्ह्यातलं शिरापूर आणि कलमण, अकोल्याकडचं कानझरा अशा गावांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. जगभरातल्या अर्थशास्त्रज्ञांनी त्या आकड्यांवर प्रबंध लिहिले. ते आकडे मिळवले कुणी? त्या गावांतच मुक्काम ठोकून राहिलेल्या, तिथली भाषा बोलणाऱ्या, खेड्यातून आलेल्या पदवीधरांनी.

याने काय फरक पडतो, ते मी बेळगाव तालुक्यात एका रताळ्याच्या शेतकऱ्याकडे पाहिलंय. सर्वेक्षणाच्या फॉर्मवर रकाना एकच होता, एकूण उत्पादन. मालकांनी अडत्याची पट्टी, म्हणजे विक्रीची पावती, काढून त्यावरची पोती सांगितली आणि विषय मिटवला. सोबतचा शहरी सहकारी तेवढं लिहून पुढे निघाला होता. मी काढणीला कोण कोण होतं ते विचारलं, तशा चुलीपाशी बसलेल्या काकू बोलायला लागल्या. बायकांना रोजगारावर वरून रताळी दिली होती, लेकीकडे पोतंभर गेलं होतं, बारकी आणि कुदळ लागलेली म्हशीला घातली होती, वेल पुढच्या लावणीसाठी राखला होता. यातलं काहीच पट्टीवर नव्हतं. ज्याच्या घरी कधी रताळी काढलेली नाहीत, त्याला हा प्रश्न सुचणार कसा? भर दुपारी गेलात तर घरात कुणी सापडत नाही, संध्याकाळी डेअरीला दूध घालून आल्यावर माणूस निवांत बोलतो, हेही आपल्या पोरांना शिकवावं लागत नाही.

त्यात आपली पोरं खानापूरकडे मराठीत आणि रायबाग-गोकाककडे कन्नडमध्ये सारखीच मोकळी बोलू शकतात. सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. निकाल लागायचा तेव्हा लागेल, तोवर पोरांचं वय थांबत नाही. इंग्रजी मात्र लागतंच, मुलाखतीला आणि अहवालालाही. तिथे आपण कमी पडतो हे तुमचं खरं आहे, पण ती दोन वर्षांच्या मेहनतीची गोष्ट आहे. गावात वाढणं क्लास लावून मिळत नाही.

पैशाबद्दल तुमची काळजी रास्त आहे. परदेशांत मदतीचा पैसा देणारी अमेरिकेची सरकारी संस्था यूएसएड 1 जुलै 2025 ला बंद झाली, त्याआधीच अनेक प्रकल्प अर्ध्यावर थांबले आणि कंत्राटावरची माणसं घरी बसली. म्हणून एकाच परदेशी प्रकल्पाच्या भरवशावर कुणी राहू नये, हे मी बजावून सांगतो. कृषी पदवीधराने आयसीएआरची, म्हणजे भारतीय कृषी संशोधन परिषदेची, प्रवेश परीक्षा द्यावी, वरच्या क्रमांकाला एम.एस्सी.साठी शिष्यवृत्ती आहे. अर्थशास्त्र किंवा समाजकार्य शिकलेल्यांना यूजीसी नेट ही परीक्षा आहे, तिच्यातून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये. डाड या जर्मनीच्या शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेची विकासविषयक अभ्यासक्रमांची शिष्यवृत्ती घ्यायची तर पदवीनंतर साधारण दोन वर्षांचा कामाचा अनुभव मागतात. गावोगाव फॉर्म भरत घालवलेली वर्षं तिथे उपयोगी पडतात.

तुमचा एक विद्यार्थी बी.एस्सी. ॲग्री होऊन खताच्या दुकानात बसलाय, असं तुम्ही लिहिलंय. त्याने दुकान लगेच सोडू नये. धारवाडच्या कृषी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर प्रकल्पांतल्या तात्पुरत्या जागांच्या थेट मुलाखती निघतात, त्यावर लक्ष ठेवावं. एक्सेल पक्कं करावं, मग स्टाटा किंवा आर यांपैकी आकडेवारीचं एक सॉफ्टवेअर शिकायला घ्यावं. दुकानात रोज येणारे शेतकरी कुठल्या पिकाला काय, किती आणि उधारीवर की रोखीने नेतात, याची एका हंगामाची नोंद कुणाचं नाव न लिहिता ठेवावी. मुलाखतीत सांगण्यासारखं त्याच्याकडे तेवढं भरपूर होईल. संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर त्याला मला फोन करायला सांगा, पहिला अर्ज आम्ही दोघं मिळून भरू.