‘सापडलं नाही’ म्हणजे काय?

चूक माझीच. ईमेल आलेली, ती गुपचूप वाचून सोडून द्यायची, तर मी ती रात्री जेवताना मोठ्यानं वाचून दाखवली. आमच्या वेबसाईटवर वरच्या बाजूला ते शोधायचं खोकं असतं ना, भिंगाचं चित्र असलेलं, त्याचं सॉफ्टवेअर ज्यांनी बनवलंय त्यांची मेल होती, की पुढच्या व्हर्जनसाठी नवीन फीचर सुचवा, पंधरा दिवसांत फॉर्म भरून पाठवा. आता असल्या मेलला कुणी उत्तर देतं का? पण आमचं घर कोल्हापुरातलं. इथं बिंदू चौक कुठाय विचारलं तर माणूस आपली गाडी वळवून ‘या माझ्या मागनं’ म्हणतो, तिथं सल्ला विचारल्यावर काय होणार.

आत्त्या म्हणाल्या, “मी सांगतो. आलेल्या माणसाला आधी या, बसा म्हणायला पायजे.” (आमच्या आत्त्या म्हणजे सासूबाई, आणि इथल्या बायका मी सांगतो, मी जातो असंच बोलतात. मी नाशिकची, मला हे पचायला सहा महिने गेले, आता माझ्याच तोंडून ‘मी आलो हं’ निघतं आणि माहेरी सगळे हसतात.) भावजी म्हणाले बोलून शोधायची सोय पाहिजे, टाईप कोण करतंय. आमचे हे म्हणाले, भाकरी वाढ. आणि आण्णा, म्हणजे सासरे, काहीच बोलले नाहीत. हात धुऊन आले आणि म्हणाले, “गिऱ्हाईक काय मागतंय ते आधी बगू. यादी असंल की तुझ्याकडं.”

यादी होती. लक्ष्मीपुरीत आमचं मसाल्याचं दुकान, गल्ल्यावर तीस वर्षं आण्णाच, आणि वेबसाईट मी काढली त्याला आता दोन वर्षं होतील. तर त्या सॉफ्टवेअरमध्ये एक रजिस्टर असतं, लोकांनी शोधलं पण काहीच आलं नाही अशा शब्दांचं. मी ते कधी उघडलंच नव्हतं. उघडलं, प्रिंट काढली, एकोणीस पानं झाली.

आण्णांनी ती दुकानात नेऊन चष्मा लावून वाचायला घेतली, एखाद्या मुनीमजींसारखं, प्रत्येक ओळीवर बोट ठेवून. मी शेजारी शरमेनं उभी. कारण लोक त्या खोक्यात काय काय लिहितात हो. ‘नमस्कार’. ‘२ किलो’. ‘माझं पार्सल अजून आलं नाही’. ‘जास्त तिखट नको असलेलं तिखट’. एका माणसानं संध्याकाळी सात दहाला लिहिलेलं ‘भडंग’, सात अकराला ‘भडंग मोठं पाकीट’, सात तेराला ‘भडंग का दाखवत नाही’, आणि सात चौदाला नुसतं ‘अरे भडंग’. त्यानंतर तो गेला. सात चौदाला माणूस दारातनं परत गेला आणि आमच्या यंत्रानं त्याला चारी वेळा तेच एक वाक्य ऐकवलं, काहीही सापडलं नाही.

आण्णा त्या ओळीवर खूप वेळ थांबले. “भडंग तर हाय की आपल्याकडं.”

“आहे आण्णा, पण मी नाव ‘कोल्हापुरी चुरमुरे मसाला’ असं टाकलंय. ऑनलाईन लोकांना कळावं म्हणून.”

“कुठल्या लोकांस्नी?”

ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

“आणि ‘सापडलं नाही’ म्हणजे काय? दुकानदारानं गिऱ्हाईकाला असं म्हणायचं असतंय व्हय? बगतो म्हणायचं. काय करायचंय विचारायचं. रस्सा करायचाय का पिठलं, किती माणसं हाईत. सापडलं नाही म्हणलं की मानूस म्होरल्या दुकानात.”

पुढं चटणीचं पान आलं. इथं जरा इस्कटून सांगायला पाहिजे, कारण ह्या शब्दानं मला पहिल्यांदा लग्नानंतरच्या दुसऱ्याच आठवड्यात गंडवलं होतं. आत्त्यांनी स्वयंपाकघरातनं ओरडून सांगितलं, चटणी आण गं लवकर, आणि मी इमानदारीत फ्रीजमधली ओल्या खोबऱ्याची हिरवी चटणी वाटीत घालून नेली. आत्त्या पातेल्यासमोर, तेल धुरावलेलं, मोहरी तडतडून काळी पडलेली, हात पुढं केलेला, आणि त्या हातात मी हिरवी वाटी दिली. कोल्हापुरात चटणी म्हणजे ती लाल, कांदा-लसूण-खोबरं-मसाले घालून कुटलेली, जी प्रत्येक भाजी-आमटीत पडते. बाकी महाराष्ट्र जिला कांदा लसूण मसाला म्हणतो ती. म्हणजे माझी जी चूक झाली तीच आता मशीनची होत होती फक्त उलटी, कारण आमच्या साईटवर नाव ‘चटणी’ आणि मुंबई-पुण्याची माणसं शोधणार ‘कांदा लसूण मसाला’. रजिस्टरवरनं हिशोब केला तर अकरा महिने आमच्याच दुकानात आमचाच माल नव्हता.

तर पहिली सूचना मी वहीत लिहिली, एकाच मालाची गावोगावची नावं मशीननं स्वतः ओळखावीत. एकाच माणसानं आधी कांदा लसूण मसाला शोधला, मिळालं नाही, मग चटणी शोधलं आणि विकत घेतलं, ह्यावरनं तुला कळू नये का बाबा? हातानं समानार्थी शब्दांची यादी भरता येते, पण ती भरायला बसले आणि मिरचीलाच संध्याकाळ झाली. ब्याडगी, बेडगी, बॅडगी, ब्यादगी, आणि एकजण तर चक्क ‘बिघाडी मिरची’. ऑटोकरेक्टचं काम असणार.

गुळाचं दुखणं वेगळंच. गूळ लिहिताना दीर्घ, पण गुळाची ढेप म्हटलं की ऱ्हस्व. हे काय लोकांचं चुकत नाहीये, व्याकरणच तसं आहे, सामान्यरूपात पहिलं अक्षर आखडतं. मशीनला वाटतं हे दोन वेगळे पदार्थ. इंग्रजीत शब्दांच्या शेपट्या, म्हणजे प्रत्यय, छाटायची युक्ती आहे, मार्टिन पोर्टर नावाच्या माणसानं १९८० साली नियम लिहून दिले, ते अजून चालतात. पण त्यांच्या शेपट्या त्या केवढ्याशा. आमच्याकडं ‘गुळासारख्यालासुद्धा’ असा शब्द होऊ शकतो, शेपूट छाटायला गेलं तर नुसतं शेपूटच हातात येईल, आणि छाटून उरलेला ‘गुळ’ पुन्हा ‘गूळ’ नाहीच.

आणि गुऱ्हाळातल्या त्या अर्ध्या ऱ बद्दल तर मी बोलणारच नाही. बरं बोलते. तो ऱ कॉम्प्युटरात तीन तऱ्हांनी साठवता येतो, एक अख्खं अक्षर म्हणून, एक र आणि खाली नुक्ता, म्हणजे टिंब, असं जोडून, आणि एक र ला पाय मोडून पुढं एक न दिसणारं अक्षर घालून. स्क्रीनवर तिन्ही सारखेच दिसतात, मशीनला मात्र आपण सांगेपर्यंत हे तीन वेगळे. ‘गुऱ्हाळावरची काकवी’ असं मी एका कीबोर्डनं लिहिलं, गिऱ्हाईकानं दुसऱ्यानं, आणि आता तुमच्या लक्षात आलं असेल की खुद्द गिऱ्हाईक ह्या शब्दातसुद्धा तोच ऱ आहे. मी रात्री दीड वाजता हे ह्यांना उठवून सांगितलं. ते म्हणाले, काकवी काढून टाक.

मग मी एक शहाणपणा केला. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये ‘टायपिंगच्या चुका माफ करा’ असा एक टिकमार्क होता, तो लावला. ह्याच्या मागं जे गणित असतं ते लेव्हेनश्टाइन नावाच्या रशियन गणितज्ञानं १९६५ साली मांडलेलं आहे, एका शब्दाचा दुसरा शब्द करायला किती अक्षरं घालावी, काढावी, बदलावी लागतात ते मोजायचं, आणि एकाचाच फरक असेल तर चालवून घ्यायचं. बिचारा तो संदेश पाठवायच्या सांकेतिक कोडमधल्या चुकांचा विचार करत होता, किराणा मालाचा नाही. कारण दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णांनी स्वतः कॉम्प्युटरवर बसून एका बोटानं ‘मीठ’ टाईप केलं, आणि आलं नाचणीचं पीठ. म, वेलांटी, ठ. प, वेलांटी, ठ. एका अक्षराचा फरक! ‘मिरी’ टाकलं तर मिरची आली, मधे एक च घातला की झालं, माफ. आख्खं पान लालभडक.

“हे बग,” आण्णा खुर्चीत मागं टेकून म्हणाले, “माज्याकडं कोन असं पोरगं कामाला असतं ना, मीठ म्हणलं की पीठ बांधून देणारं, तर मी त्याला दुपारच्या आत घालवला असता.”

मी वहीत लिहिलं, छोट्या शब्दांना माफी नको. आणि खाली कंसात, मराठीत बरेच शब्द छोटेच आहेत.

पण खरी ठिणगी पडली ती ‘कोल्हापुरी’वरनं. झालं असं की आण्णांना कळायला पाहिजे होतं की कुठला माल वर दाखवायचा आणि कुठला खाली हे ठरवतं कोण, आणि मी मूर्खासारखं खरं सांगितलं. म्हटलं, आण्णा, जो शब्द थोड्याच ठिकाणी येतो त्याला वजन जास्त, आणि जो सगळीकडं येतो त्याला कमी. आता आपल्या साईटवर प्रत्येक मालाच्या नावात कोल्हापुरी आहे, कोल्हापुरी चटणी, कोल्हापुरी गूळ, कोल्हापुरी पापड, त्यामुळं मशीनच्या दृष्टीनं कोल्हापुरी ह्या शब्दाला जवळजवळ काही किंमत नाही.

दुकानात शांतता. हमालसुद्धा पोतं खांद्यावर घेऊन थांबला.

“किंमत न्हाई?”

“म्हणजे तशी नाही हो, गणितात.”

“कुनी सांगितलं?”

“कॅरन स्पार्क जोन्स म्हणून एक बाई होत्या केंब्रिजला. १९७२ साली त्यांनी हे मांडलं, जगभर अजून वापरतात.”

“त्या आलत्या काय कदी कोल्हापूरला?”

मी म्हटलं माहीत नाही. आण्णा म्हणाले, मग! आणि विषय त्यांच्यापुरता संपला, पण संध्याकाळपर्यंत येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाईकाला ते सांगत होते की आमच्या सूनबाईच्या मशीनमध्ये कोल्हापुरीला किंमत नाही. दोघांनी मला समजावून सांगितलं. एका आजोबांनी तर, तुझं माहेर कुठलं गं, असं विचारलं.

मनातल्या मनात मला त्या बाईंचं फार पटतं, हे इथं लिहून टाकते. सगळ्याच पाकिटावर कोल्हापुरी लिहिलं तर ते लिहिल्यानं वेगळं काय कळतं? लक्ष्मीपुरीत उभं राहून कुणी ‘कोल्हापुरी चटणी द्या’ म्हणतं का, चटणी द्या म्हणतं. पण हे घरात बोलायची सोय नाही.

(ह्या शोधायच्या सॉफ्टवेअरच्या जगात एक ल्युसीन नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, बऱ्याच मोठ्या सर्चच्या पोटात तेच असतं. डग कटिंग नावाच्या माणसानं १९९९ च्या सुमारास बनवलं आणि त्याला आपल्या बायकोचं मधलं नाव दिलं. हे मी आमच्या ह्यांना सांगितलं. म्हटलं, बघा, आपल्याकडं चटणीच्या पाकिटावर तरी माझं नाव घाला. ते म्हणाले, गणेशोत्सवानंतर बघू.)

बरं, आण्णांचं स्वतःचं वर-खालीचं शास्त्र काय आहे ते मी दोन वर्षं गल्ल्याशेजारी उभं राहून शिकलेय. जो माल मागं पडून राहिलाय तो सगळ्यात वर. बाई जिरं मागायला आल्या की आण्णा जिरं बांधता बांधता म्हणणार, नाचणीचं पीठ न्हेता काय वहिनी, ताजं हाय, पोरांस्नी आंबील करा. नाचणीचं पीठ ताजं नसतं असं नाही, पण तीन पोती जास्त आलेली असतात. मोठमोठ्या साईट पैसे घेऊन जाहिरातीचा माल वर आणतात, आणि बारीक अक्षरात तसं लिहितात तरी. आण्णा फक्त आवाज मऊ करतात. ही सूचना मी फॉर्ममध्ये घातली नाही.

फॉर्म शेवटच्या दिवशी रात्री भरायला घेतला. वहीची सात पानं. आत्त्यांचं ‘या, बसा’, भावजींचं बोलून शोधणं, समानार्थी शब्द, गूळ-गुळ, तीन ऱ, मीठ-पीठ, सगळं व्यवस्थित लिहून काढलं आणि त्या चौकटीत पेस्ट केलं तर पहिली दीड ओळच राहिली, बाकी गायब. खाली लिहिलेलं, कमाल तीनशे अक्षरं. आणि त्याखाली, सूचनेचं महत्त्व निवडा, कमी, मध्यम, जास्त. आत्त्या मागं उभ्या होत्या, म्हणाल्या जास्त लाव, पैसे पडत नाहीत. शेवटी सगळ्यातनं एकच पाठवली आणि ती आण्णांची होती, की काही मिळालं नाही तर ‘सापडलं नाही’ म्हणू नका, काय करायचंय ते विचारा. दोन मिनिटांत धन्यवादाची मेल आली, ती मशीननंच पाठवलेली होती हे उघड आहे.

तोवर आमच्यापुरतं म्हणून मी एक केलं. ते वाक्य काढलं आणि तिथं लिहिलं, ‘आण्णांना विचारा’, पुढं दुकानाचा फोन नंबर. वीस मिनिटांचं काम.

आता फोन दिवसभर वाजतो. आण्णा खूश. काल रात्री साडेनऊला दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं, मी आत हिशोब करत बसलेली, आणि फोन आला. आण्णांनी घेतला, कुठनं बोलताय विचारलं, जेवण झालं का विचारलं, पाऊस कसा आहे विचारलं, मग जरा वेळ नुसतं ऐकलं.

“सैंधव मीठ? मीठ आत्ता संपलंय बगा, सोमवारी येतंय,” आण्णा म्हणाले, आणि मग आवाज मऊ झाला. “पीठ देऊ काय? नाचणीचं. ताजं हाय.”